अर्ध्या वाटेचा करार : न्यू इंग्लंडांतील एक धर्मवाद व त्याचे मराठी मुलखांतील पडसाद

कोणत्याहि धर्माच्या इतिहासांत दोन तऱ्हेचे अनुयायी आढळतात. एक, धर्मासाठीं सर्वस्व ओवाळून टाकणारे. दुसरे, धर्माच्या कुंपणाबाहेर जावयाचें नाहीं, पण आंतहि फार खोल शिरावयाचें नाहीं, अशा बेतानें वागणारे. पहिल्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात. दुसऱ्यांची नोंद बहुधा निंदेपुरतीच होते. परंतु धर्मसंस्था संख्येनें जगते ती या दुसऱ्या वर्गावर, आणि म्हणून त्यांस किती जागा द्यावयाची हा प्रश्न प्रत्येक धर्मसंस्थेस केव्हांना केव्हां सोडवावा लागतो. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत हा प्रश्न अमेरिकेंतील न्यू इंग्लंड भागांत ज्या उघडपणें व ज्या कडवटपणें लढला गेला, तसा क्वचितच अन्यत्र लढला गेला असेल. ही हकीकत मराठी वाचकांस दूरची वाटण्याचा संभव आहे. पण ज्या अमेरिकन मिशननें १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें दिलें, त्याची घडण याच वादांतून निघालेल्या परंपरेंत झाली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा विषय आपल्या अंगणापर्यंत येऊन पोंचतो. प्रस्तुत लेखांत या वादाची मूळ हकीकत देऊन तिचा येथील इतिहासाशीं असलेला संबंध दाखविण्याचें योजिलें आहे.

१. मूळ व्यवस्था

१६३० सालापासून जे प्यूरिटन लोक इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वसाहतीस आले, त्यांची एक मुख्य तक्रार अशी होती कीं, इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्यें गांवांत जन्मलेला प्रत्येक मनुष्य, मग तो देवभक्त असो वा दारुडा असो, आपोआप चर्चचा सभासद ठरतो. नव्या देशांत त्यांनीं हा प्रकार मोडला. मंडळी (हा शब्द येथें भाविकांचा संघटित समुदाय या अर्थीं योजिला आहे) ही ज्यांच्या अंतःकरणांत ईश्वरी कृपेचें कार्य घडलें आहे अशांचीच असावी, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून १६३० नंतरच्या दशकांत असा शिरस्ता पडला कीं, सभासद होऊं इच्छिणाऱ्या मनुष्यानें आपला पालट कसा झाला याचें निवेदन करावें, आणि तें ऐकून मंडळीनें त्यास पत्करावें किंवा परत पाठवावें. १६३१ सालीं वसाहतीच्या राज्यकारभारांत मत देण्याचा हक्कहि मंडळीच्या सभासदांपुरताच ठेवण्यांत आला. उपासनेस हजर राहण्याचें बंधन मात्र सर्वांवर होतें. तात्पर्य, देऊळ सर्वांचें, पण गाभारा थोड्यांचा, अशी ही व्यवस्था होती.

सभासदांच्या मुलांस बाप्तिस्मा मिळे. कारण अब्राहामाशीं केलेला करार जसा त्याच्या संततीसहि लागू होता, तसाच हाहि करार संततीस लागू आहे असें ते मानीत. हीं मुलें मोठीं होतील, त्यांसहि पालटाचा अनुभव येईल व तीं पूर्ण सभासद होतील, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. परंतु घडलें निराळें. मुलें मोठीं झालीं, सचोटीनें राहूं लागलीं, धर्माचीं तत्त्वें तोंडपाठ म्हणूं लागलीं. पण मंडळीपुढें उभें राहून आपल्या अनुभवाचें निवेदन करण्यास त्यांतील पुष्कळजण पुढें येईनात. मग त्यांचींहि लग्नें होऊन त्यांस मुलें झालीं, आणि प्रश्न उभा राहिला : या नातवंडांस बाप्तिस्मा द्यावा कीं न द्यावा? दिला तर मंडळीची शुद्धता जाते. न दिला तर दोन पिढ्यांत मंडळीच ओस पडते.

२. १६६२ ची धर्मसभा

या पेंचांतून वाट काढण्यासाठीं प्रथम १६५७ सालीं पाळकांची परिषद व नंतर १६६२ सालीं बोस्टन येथें धर्मसभा भरली. सभेनें ठरविलें तें थोडक्यांत असें : ज्यांस बाळपणीं बाप्तिस्मा मिळाला आहे, ज्यांचें वर्तन निंद्य नाहीं, ज्यांस धर्मतत्त्वें समजतात व जे मंडळीपुढें करारास आपली संमति दर्शवितात, त्यांच्या मुलांस बाप्तिस्मा द्यावा. मात्र अशा आईबापांस स्वतः प्रभुभोजनास बसण्याचा किंवा मंडळीच्या कारभारांत मत देण्याचा अधिकार नाहीं. ह्या तोडीस पुढें विरोधकांनीं हेटाळणीनें ‘अर्ध्या वाटेचा करार’ असें नांव दिलें, आणि इतिहासांत तेंच रूढ झालें.

सभेंत मताधिक्य मिळालें तरी एकमत झालें नाहीं. हार्वर्ड विद्यालयाचे प्रमुख चार्ल्स चॉन्सी व न्यू हेवनचे जॉन डॅव्हनपोर्ट हे विरुद्ध होते. रिचर्ड मेदर यांनीं ठरावाचा पुरस्कार केला, तर त्यांचेच चिरंजीव इन्क्रीझ मेदर यांनीं बापाविरुद्ध मत दिलें. पुढें कांहीं वर्षांनीं ते आपलें मत पालटून ठरावाचे कैवारी झाले. १६६७ सालीं बोस्टनच्या पहिल्या मंडळीनें डॅव्हनपोर्ट यांस बोलाविलें, तेव्हां ठरावाच्या बाजूचे लोक फुटले व १६६९ सालीं त्यांनीं तिसरी मंडळी स्थापिली.

ही हकीकत बराच काळ ऱ्हासाची हकीकत म्हणून सांगितली गेली : बापांनीं समुद्र ओलांडला, मुलांनीं उंबरठाहि ओलांडला नाहीं. तत्कालीन पाळकांचीं प्रवचनेंहि याच सुराचीं आहेत. परंतु एडमंड मॉर्गन (१९६३) व रॉबर्ट पोप (१९६९) या अमेरिकन अभ्यासकांनीं मंडळ्यांचीं दप्तरें बारकाईनें पाहून निराळा निष्कर्ष काढला आहे. पाळकवर्ग बहुतांशीं ठरावास अनुकूल होता. तो अंमलांत आणण्यास पुष्कळ ठिकाणीं विरोध झाला तो सामान्य सभासदांकडून. आणि जे लोक पूर्ण सभासद होण्यास पुढें येत नव्हते, ते सर्वच बेफिकीर नव्हते. त्यांतील अनेकांस असें भय वाटे कीं, आपल्या अंतःकरणांत जें घडलेंच नाहीं तें घडलें म्हणून सांगितलें, किंवा अपात्र असतां प्रभुभोजन घेतलें, तर आपण स्वतःवर दंडाज्ञा ओढवून घेऊं. बाहेरून जी कुचराई दिसते, तिच्या मुळाशीं कित्येकदां धर्माविषयींची अतिशय धास्ती होती. अर्ध्या वाटेवर उभा राहिलेला मनुष्य आळसानें थांबला कीं भयानें थांबला, हें केवळ सभासदांच्या यादीवरून सांगतां येत नाहीं.

३. सॉलोमन स्टॉडर्ड यांचें उत्तर

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागांत कनेक्टिकट नदीच्या कांठीं नॉर्थॅम्प्टन म्हणून गांव आहे. तेथें सॉलोमन स्टॉडर्ड हे १६७२ पासून १७२९ सालीं मृत्यु येईपर्यंत पाळक होते. या प्रदेशांत त्यांचा दरारा इतका होता कीं, लोक त्यांस विनोदानें पोप म्हणत. त्यांनीं अर्ध्या वाटेचा प्रश्न निराळ्याच रीतीनें सोडविला. त्यांचें म्हणणें असें कीं, अंतःकरणाची परीक्षा ईश्वरावांचून कोणास करतां येत नाहीं. मग पालट झालेले व न झालेले असा भेद मंडळीनें करूं जाणें म्हणजे नसता अधिकार घेणें होय. ज्याचें वर्तन उघडपणें दुष्ट नाहीं व ज्यास तत्त्वें मान्य आहेत, त्यास प्रभुभोजनास बसूं द्यावें. कदाचित् त्या विधीच्या द्वाराच ईश्वर त्याचें अंतःकरण पालटील. १६७७ च्या सुमारास त्यांनीं हा प्रघात सुरू केला.

स्टॉडर्ड यांस ढिले ठरविणें हें मात्र अन्यायाचें होईल. त्यांचीं प्रवचनें कडक असत. श्रोत्यांस नरकाचें भय घालण्यास ते कचरत नसत. आणि त्यांच्या कारकीर्दींत नॉर्थॅम्प्टनमध्यें पांच वेळां धार्मिक जागृतीची लाट उठली. दार उघडें ठेवावें आणि आंत आलेल्यास स्वस्थ बसूं देऊं नये, असें त्यांचें धोरण होतें. पण धोरण चालविणारा पुरुष गेला म्हणजे त्याचा सोपा भाग तेवढा शिल्लक राहतो. दार उघडें राहिलें, आणि आंत येणें हा गांवकऱ्यांस आपला वडिलोपार्जित हक्क वाटूं लागला.

४. जॉनाथन एडवर्ड्स व १७५० ची हकालपट्टी

स्टॉडर्ड यांचे दौहित्र जॉनाथन एडवर्ड्स (१७०३–१७५८) हे १७२७ सालीं आजोबांचे मदतनीस म्हणून आले व १७२९ सालीं त्यांच्या जागीं पाळक झाले. अमेरिकेनें निर्माण केलेल्या तत्त्वचिंतकांत यांची गणना पहिल्या प्रतींत होते. १७३४–३५ सालीं त्यांच्या प्रवचनांनीं गांवांत मोठी जागृति झाली. सुमारें दोनशें कुटुंबांच्या या गांवांत सहा महिन्यांत तीनशेंहून अधिक माणसांचा पालट झाला, असा त्यांचा अंदाज होता. या जागृतीचा त्यांनीं लिहिलेला वृत्तांत १७३७ सालीं लंडनमध्यें छापला गेला व दूरवर वाचला गेला. १७४० सालीं जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या फेरीनें दुसरी, आणखी मोठी लाट आली. १७४२ च्या मार्च महिन्यांत एडवर्ड्स यांनीं सर्व गांवाकडून एका करारास संमति घेतली. व्यवहारांत लबाडी करणार नाहीं, शेजाऱ्याची निंदा करणार नाहीं, सार्वजनिक कामांत स्वार्थ पाहणार नाहीं, अशा स्वरूपाचीं वचनें त्यांत होतीं.

लाट ओसरल्यावर मात्र एडवर्ड्स यांस जें दिसलें त्यानें त्यांचें मन विटलें. ज्यांनीं रडून ओरडून पालट जाहीर केला होता, तेच पुन्हां जुन्या भांडणांत व चैनींत रमले. यावरून त्यांनीं जें चिंतन केलें तें १७४६ सालीं धार्मिक भावनांवरील त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथांत प्रकट झालें. अश्रु, कंप, आवेश, तोंडपाठ वचनें, यांपैकीं कांहींच खऱ्या श्रद्धेचें निश्चित प्रमाण नाहीं. दीर्घकाळ टिकणारें आचरण हेंच तिचें मुख्य चिन्ह, असा त्याचा मथितार्थ आहे. म्हणजे अर्ध्या मनाच्या श्रद्धेइतकाच क्षणिक उमाळ्याच्या श्रद्धेवरहि त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

१७४८ च्या डिसेंबरांत, कित्येक वर्षांच्या खंडानंतर, एक तरुण सभासद होण्यास आला. एडवर्ड्स यांनीं त्याच्याकडे श्रद्धेची स्पष्ट कबुली मागितली. त्यानें ती देण्याचें नाकारलें. आजोबांचा प्रघात नातू मोडणार हें गांवास कळलें आणि वणवा पेटला. वस्तुतः एडवर्ड्स यांची मागणी पहिल्या पिढीच्या मागणीहून सौम्य होती. पालटाच्या पायऱ्यांचें रसभरित निवेदन त्यांस नको होतें. आपण मनापासून ख्रिस्तास शरण आहों एवढें चार ओळींत सांगावें, म्हणजे त्यांचें समाधान होई. पण ‘मनापासून’ हाच शब्द गांवास बोंचला. शिवाय, ज्यास ही कबुली देववत नाहीं त्याच्या मुलांसहि बाप्तिस्मा देतां येणार नाहीं, असें त्यांचें मत झालें होतें. त्यामुळें हा वाद पाळण्यापर्यंत जाऊन पोंचला. १७४९ सालीं त्यांनीं आपली बाजू ग्रंथरूपानें छापली. ती वाचणारे गांवांत फार थोडे निघाले.

वादाच्या मुळाशीं केवळ तत्त्वच होतें असें नाहीं. पाळकाच्या वेतनावरून धुसफूस होती. १७४४ सालीं कांहीं तरुणांनीं सुइणींसाठीं लिहिलेलें एक पुस्तक वाचून मुलींची टवाळी केल्याच्या प्रकरणांत एडवर्ड्स यांनीं आरोपी व साक्षीदार यांचीं नांवें सरसकट जाहीर वाचून दाखविलीं, आणि त्यामुळें प्रतिष्ठित घराणीं दुखावलीं होतीं. त्यांचे पाठीराखे मामा कर्नल जॉन स्टॉडर्ड १७४८ सालीं वारले. शेवटीं २२ जून १७५० रोजीं आसपासच्या मंडळ्यांच्या परिषदेनें एका मताच्या आधिक्यानें त्यांस दूर करण्याचा निर्णय दिला. नॉर्थॅम्प्टनच्या सभासदांत त्यांच्या बाजूस जेमतेम वीस-पंचवीस व विरुद्ध दोनशेंहून अधिक मतें पडलीं. ज्या गांवाचें नांव त्यांनीं अटलांटिकपलीकडे गाजविलें, त्याच गांवानें त्यांस घालवून दिलें. दुसरा पाळक मिळेना, म्हणून पुढें कांहीं महिने त्याच गांवकऱ्यांस त्यांचीच प्रवचनें ऐकावीं लागलीं! विरोधकांचा एक पुढारी, एडवर्ड्स यांचाच मावसभाऊ जोसेफ हॉली, यानें १७६० सालीं आपण केलेल्या अन्यायाबद्दल जाहीर रीतीनें पश्चात्ताप व्यक्त केला. पण तेव्हां एडवर्ड्स हयात नव्हते.

५. वादाचें परीक्षण

स्टॉडर्ड व एडवर्ड्स यांतील कोणाचा पक्ष बलवत्तर? अंतःकरण कोणास दिसत नाहीं, हें स्टॉडर्ड यांचें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे. डेव्हिड ब्रेनर्ड या तरुणाचें उदाहरण पाहावें. एका अध्यापकांत खुर्चीइतकीहि ईश्वरी कृपा नाहीं, असें तो बोलून गेला व त्याबद्दल १७४२ सालीं त्यास येल विद्यालयांतून काढण्यांत आलें. दुसऱ्याच्या अंतःकरणाचें माप घेण्याची ही खोड मनापासून धर्म पाळणाऱ्यांसच अधिक जडते. उलट, ज्या करारांत मनाची अपेक्षाच नाहीं तो करार करार राहत नाहीं, हें एडवर्ड्स यांचें म्हणणेंहि तितकेंच खरें आहे.

तथापि एडवर्ड्स यांच्या कसोटीसहि एक मर्यादा होती, आणि ती त्यांच्या घरांतच दिसते. १७३१ सालीं न्यूपोर्ट येथें त्यांनीं व्हीनस नांवाची एक निग्रो मुलगी ८० पौंडांस विकत घेतल्याचा दस्तऐवज उपलब्ध आहे. पुढेंहि त्यांच्या घरीं गुलाम होते. नॉर्थॅम्प्टनच्या शेतकऱ्यांकडून संपूर्ण शरणागति मागणाऱ्या या पुरुषास आपल्या स्वतःच्या शरणागतींत ही गोष्ट येते असें वाटलें नाहीं. ती उणीव त्यांचे शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स यांनीं दाखवून दिली. न्यूपोर्ट हें गुलामांच्या व्यापाराचें बंदर. तेथेंच पाळक असतां त्यांनीं या व्यापाराचा उघड निषेध केला, आणि १७७६ सालीं गुलामगिरीविरुद्ध संवादरूप पुस्तक लिहिलें. निःस्वार्थ परहितबुद्धि हेंच खऱ्या धर्माचें स्वरूप, हा हॉपकिन्स यांचा सिद्धांत गुरूच्या विचारांतूनच निघाला होता; त्याचा शेवट मात्र गुरु जेथें पोंचला नाहीं तेथें पोंचला.

६. नॉर्थॅम्प्टनपासून मुंबईपर्यंत

वर उल्लेखिलेला ब्रेनर्ड पुढें रेड इंडियन लोकांत धर्मप्रसार करूं लागला, व क्षयानें जर्जर होऊन ९ ऑक्टोबर १७४७ रोजीं एडवर्ड्स यांच्या घरीं वारला. त्याची दैनंदिनी एडवर्ड्स यांनीं १७४९ सालीं चरित्ररूपानें प्रसिद्ध केली. अर्ध्या वाटेवर थांबलेल्या गांवास पूर्ण वाट चालणारा मनुष्य कसा असतो तें दाखवावें, हाहि त्यांचा हेतु असावा. गांवावर परिणाम झाला नाहीं. पण तें पुस्तक पुढें मिशनरी होणाऱ्यांचें नित्यपाठाचें पुस्तक बनलें. श्रीरामपूरचे विल्यम केरी हे त्याचे एक भक्त. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें मराठी व्याकरण रचून १८०५ सालीं तें छापणारे ते हेच केरी होत.

अमेरिकेंत एडवर्ड्स-हॉपकिन्स परंपरेच्या पाळकांचा १८०८ सालीं उघडलेल्या अँडोव्हर येथील धर्मविद्यालयांत व १८१० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेंत मोठा हात होता. १८१२ च्या फेब्रुवारींत या संस्थेनें पहिले पांच मिशनरी नेमले. त्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. कंपनी सरकारनें त्यांस घालवून देण्याचा प्रयत्न केला. ते चिकटून राहिले. हॉल हे १८२६ सालीं नाशिककडील प्रवासांत पटकीनें वारले. त्याच वर्षीं मिशनच्या मुंबईच्या छापखान्यांतून मराठी नवा करार बाहेर पडला. १८४२ सालीं अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघालें.

या मिशनरींनीं आपल्याबरोबर ती कसोटीहि आणिली. केवळ तत्त्वें मान्य आहेत एवढ्यावर बाप्तिस्मा देण्यास ते तयार नसत. अंतःकरणाच्या पालटाचा पुरावा त्यांस हवा असे. पहिल्या अनेक वर्षांत त्यांच्या मंडळींत आलेल्या एतद्देशीयांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, त्याचें हें एक कारण होय. दुसरें कारण या देशाच्या परिस्थितींत आहे, व तेंच अधिक महत्त्वाचें. नॉर्थॅम्प्टनमध्यें बाप्तिस्मा स्वस्त होता. तो न घेणें हीच तेथें नामुष्की. मराठी मुलखांत बाप्तिस्मा घेणें म्हणजे जात, घर, आप्त व वडिलोपार्जित मालमत्ता यांवर पाणी सोडणें होय. वारशाचा हक्क तरी धर्मांतरानें बुडूं नये, असा कायदा १८५० सालीं, म्हणजे २१ व्या आक्टानें, प्रथमच सर्वत्र झाला. येथें बाह्य कृतीचें वजन किती होतें, याची साक्ष १८४३ च्या श्रीपत शेषाद्रि प्रकरणांत मिळते. हें प्रकरण स्कॉटिश मिशनचें. श्रीपतीस बाप्तिस्मा झालेलाहि नव्हता, तो केवळ मिशनरींच्या घरीं राहिला-जेवला होता. तरीहि त्यास जातींत परत घेण्यासाठीं बाळशास्त्री जांभेकरांसारख्या मान्यवरास प्रायश्चित्ताचा पक्ष घेऊन सनातन्यांशीं झगडावें लागलें.

म्हणजे जी कसोटी स्वस्त बाप्तिस्म्यावर उपाय म्हणून तयार झाली, ती महाग बाप्तिस्म्याच्या देशांत येऊन पडली. ज्यानें पाण्याच्या चार थेंबांसाठीं सर्व गणगोत सोडलें, त्याच्याकडे मनापासूनपणाचा आणखी पुरावा मागणें विसंगत होतें. उलट, ज्यास सोडण्याजोगी प्रतिष्ठा समाजानें कधीं दिलीच नव्हती, असे अस्पृश्य मानलेले लोक अहमदनगरच्या आसपासच्या खेड्यांतून पुढें मोठ्या संख्येनें आले, तेव्हां ते दुष्काळांतील अन्नासाठीं आले, असा आरोप हिंदु टीकाकारांनीं केला व खुद्द मिशनरींसहि ती शंका छळीत राहिली. माणसासारखें वागविलें जावें ही इच्छा श्रद्धेहून कमी प्रतीची मानावयाची कीं काय, हा प्रश्न नॉर्थॅम्प्टनच्या वादांत उद्भवलाच नव्हता. त्याचें उत्तर त्या वादाच्या ग्रंथांत सांपडणें शक्यच नव्हतें.

७. उलटी बाजू : टिळकांचा दरबार

या परंपरेचा एक अनपेक्षित शेवट अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्येंच झाला. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला व त्याची पुरी किंमत मोजली. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापासून कित्येक वर्षें ते दुरावले. त्यांच्या मनापासूनपणाविषयीं शंका घेण्यास जागा नव्हती. याच टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांत बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस जागा होती. १९१९ सालीं टिळक वारल्यामुळें हा प्रयोग फार पुढें जाऊं शकला नाहीं.

१६६२ च्या ठरावाशीं ताडून पाहतां या दरबाराचें महत्त्व कळतें. तेथें खूण होती, मनाची खात्री नव्हती, आणि अशांस अर्धी जागा देण्यांत आली. येथें मन होतें, खूण नव्हती, आणि टिळकांनीं अशांस पूर्ण जागा देऊं केली. दोन्ही ठिकाणीं बाह्य विधि व आंतरिक निष्ठा यांची फारकत झाली होती. पण पहिली तोड संस्था टिकावी म्हणून निघाली, तर दुसरी संस्थेबाहेर राहिलेल्या निष्ठेस आश्रय मिळावा म्हणून.

८. उपसंहार

येथवरच्या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, अर्ध्या मनाचा धर्म व पूर्ण मनाचा धर्म यांतील भेद खरा आहे. पण तो ओळखण्याचें साधन म्हणून जी जी खूण ठरविली गेली, मग ती अनुभवाचें निवेदन असो, अश्रु असोत, कीं बाप्तिस्मा असो, ती ती काळाच्या ओघांत वंशपरंपरेची वहिवाट तरी बनली किंवा नको तेथें अडसर तरी बनली. दुसरी गोष्ट इतिहासलेखकांपुरती आहे. मंडळ्यांच्या नोंदवह्यांतील आंकडे म्हणजे श्रद्धेचें माप नव्हे. नाशिक-नगरकडील जुन्या मंडळ्यांच्या नोंदी वाचणारानें प्रत्येक नांवापुढें प्रथम एवढें विचारावें कीं, त्या मनुष्यास त्या काळीं, त्या गांवीं, त्या जातींत आंत येण्याची काय किंमत पडली आणि बाहेर राहण्याची काय पडली. हीं दोन्ही मापें हातीं आल्यावांचून कोणास निष्ठावंत व कोणास काठावरचा म्हणावें, हें ठरविण्याचा अधिकार संशोधकास प्राप्त होत नाहीं.